प्रतिकृती रेल्वेवरील इंधन उतरवणी केंद्र

प्रतिकृती रेल्वेवरील इंधन उतरवणी केंद्र म्हणजे टाकी-वॅगनमधून आलेले तेल उतरवून साठवण्याच्या जागेची लघुप्रतिकृती होय. साइडिंगचा रूळ, नळजोडणी, पंपघर व साठवण टाक्या हे तिचे मुख्य घटक आहेत. प्रस्तुत लेखात विसाव्या शतकाच्या मध्यातील अमेरिकेतील लहान तेल-वितरकाचे केंद्र नमुना म्हणून घेतले आहे. अशा केंद्रावर एका वेळी एखाद-दुसरीच वॅगन येत असे, त्यामुळे ते घरातील टेबलावर मावते. भारतात पेट्रोलियम पदार्थांची वाहतूक सहसा पन्नासच्या आसपास वॅगनांच्या अखंड गाडीने होते. तशी गाडी १:८७ प्रमाणात केल्यास तिची लांबी सात मीटरांपर्यंत जाईल.

मापे

एचओ मापश्रेणीत प्रमाण १:८७ आणि रुळांतील अंतर १६.५ मिमी असते. सुमारे १२ मीटर लांबीची वॅगन येथे १४ सेमी भरते. त्या काळच्या दहा हजार गॅलनच्या वॅगनमध्ये सुमारे ३८ हजार लिटर तेल मावे. तीन मीटर व्यासाच्या व सहा मीटर उंचीच्या उभ्या टाकीत सुमारे ४२ हजार लिटर, म्हणजे एका वॅगनचे तेल सामावते. प्रतिकृतीत हीच टाकी साधारण साडेतीन सेमी रुंद व सात सेमी उंच होते. नऊ मीटर व्यासाची व तितकीच उंच टाकी मात्र पंधरा वॅगनांचे तेल घेते; लहान वितरकाच्या आवारात ती विसंगत दिसते. हौशी मांडणीत आढळणारी ही नेहमीची चूक आहे.

टाक्यांभोवती बांध दाखवायचा असल्यास, सर्वांत मोठी टाकी फुटली तरी तिचे तेल आत राहील एवढे त्याचे क्षेत्र असावे. वरील मापाच्या चार टाक्यांना सात मिमी उंचीचा बांध घातल्यास ९ × १३ सेमी जागा पुरते.

तेलाचा मार्ग

केंद्र खरे वाटणे हे टाक्यांच्या रंगरूपापेक्षा तेलाच्या मार्गावर अधिक अवलंबून असते. पाहणाऱ्याच्या नजरेला वॅगनपासून टाकीपर्यंत अखंड वाट सापडली पाहिजे. रॉकेल वा जळणाचे तेल वॅगनच्या तळाच्या झडपेतून होजने घेतात. तेथून ते पंपाकडे, पंपाकडून टाकीत आणि शेवटी मोटार-टँकर भरण्याच्या जागी जाते. द्रवरूप पेट्रोलियम वायूच्या दाबयुक्त वॅगनच्या झडपा मात्र माथ्यावर असतात. त्यासाठी वॅगनच्या उंचीचा मचाण व शिडी लागते. तळाशी जोडलेला होज तेथे चुकीचा ठरेल.

बांधणी

प्रथम रूळ बसवावा व वॅगन नेमकी कोठे थांबणार ते ठरवावे, नळ त्यानंतर. साइडिंग सपाट हवे. प्रतिकृतीची चाके इतकी हलकी फिरतात, की किंचित उतारावरही वॅगन घरंगळते. स्लीपरांच्या मध्ये ब्रशचा एक केस उभा चिकटवून तो आसाला अलगद टेकू दिल्यास वॅगन जागी राहते आणि इंजिनाने ओढताच सुटते.

३२ मिमी बाहेरील व्यासाचा पीव्हीसी नळ टाकीसाठी चालतो; वरचे झाकण पातळ प्लॅस्टिक पत्र्याचे करावे. दहा सेमी व्यासाच्या नळासाठी सुमारे १.२ मिमी जाडीची पितळी तार योग्य ठरते. होज वॅगनला चिकटवू नये, अन्यथा पहिल्याच धक्क्याला वॅगन रुळावरून उतरते; तो रुळाशेजारी पडलेला दाखवावा. मचाण कायमचा बसवण्यापूर्वी संग्रहातील सर्वांत रुंद डबा व इंजिन त्याजवळून हाताने नेऊन पाहावे.

जोडणीच्या जागी खडी काळपट व निस्तेज रंगवावी. चकचकीत काळा रंग ताज्या सांडलेल्या तेलासारखा दिसतो, म्हणून तो एखाद्या थेंबापुरताच वापरावा.

सुरक्षेच्या खुणा

अमेरिकी रेल्वेत निळा फलक किंवा दिवा म्हणजे गाडीपाशी माणसे काम करीत आहेत. ती हलवू नये. होज जोडलेली टाकी-वॅगनही अशाच सूचनाफलकाने राखली जाते, कारण इंजिनाने ती ओढल्यास नळ तुटून तेल सांडेल व आगीचा धोका उद्भवेल. म्हणून प्रतिकृतीत साइडिंगच्या मोकळ्या टोकाकडे, दोन रुळांच्या मध्ये, काढता-घालता येणारा निळा फलक ठेवतात. गाडी चालवण्याच्या खेळातही त्याचा उपयोग होतो: फलक उभा असेपर्यंत ती वॅगन नेता येत नाही आणि चालकाला दुसरे काम आधी उरकावे लागते.