जलसंजीवनी : कोलकात्याचे संशोधन, घराघरातला उपचार

अतिसार हा घरोघरी परिचित असलेला आजार आहे आणि या परिचयामुळेच त्याचे गांभीर्य पुष्कळदा लक्षात येत नाही. पाच वर्षांखालील बालकांच्या मृत्यूच्या प्रमुख कारणांमध्ये आजही त्याची गणना होते. मात्र तीव्र अतिसारात बालक दगावते ते बहुधा शरीरातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे. जुलाब लगेच थांबले नाहीत तरी ही झीज भरून काढता येते आणि बालकाचे प्राण वाचतात. या साध्या तत्त्वावर आधारलेला उपचार म्हणजे ‘ओआरएस’ अर्थात जलसंजीवनी. तिच्या इतिहासात कोलकाता शहराला मानाचे स्थान आहे.

संशोधनाची परंपरा

गंगेच्या त्रिभुज प्रदेशात पटकीच्या (कॉलरा) साथी वारंवार येत. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कोलकात्यातच या रोगाच्या जीवाणूचा अभ्यास केला. १९५३ मध्ये डॉ. हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी पटकीच्या रुग्णांना तोंडावाटे मीठ-ग्लुकोजचे द्रावण दिल्याचे अनुभव ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केले. १९५९ मध्ये डॉ. शंभुनाथ डे यांनी पटकीचा जीवाणू आतड्यात विष सोडतो आणि त्यामुळे पाणी वाहून जाते, हे सशाच्या आतड्यावरील प्रयोगांतून दाखवून दिले.

या उपचारामागील शास्त्र समजण्यास सोपे आहे. आतड्याच्या पेशी ग्लुकोज आणि सोडियम एकत्रितपणे शोषून घेतात व त्यांच्यामागोमाग पाणीही शोषले जाते. अतिसारातही ही यंत्रणा बहुतांशी शाबूत राहते. म्हणूनच नुसते पाणी किंवा नुसते मीठ जे साधू शकत नाही, ते योग्य प्रमाणातील मीठ व ग्लुकोज साधते. साखर जास्त झाल्यास मात्र पाणी उलट आतड्यात ओढले जाऊन जुलाब वाढतात. प्रमाणाला इतके महत्त्व आहे ते यामुळेच.

बनगावची कसोटी

१९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून लक्षावधी निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. सीमेलगतच्या बनगाव येथील छावण्यांत पटकीची साथ पसरली. रुग्णालयात खाटा अपुऱ्या पडल्या व रुग्णांना जमिनीवर झोपवावे लागले. शिरेतून देण्याच्या सलाईनचा साठा संपत आला आणि ती लावणारे प्रशिक्षित कर्मचारीही मोजकेच होते. अशा वेळी कोलकात्यातील जॉन्स हॉपकिन्स केंद्राचे संशोधक डॉ. दिलीप महालनबीस यांनी धाडसी निर्णय घेतला. एक लिटर पाण्यास २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ व २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा या प्रमाणात मिश्रण तयार करण्यात आले. नळ बसवलेल्या पिंपांत द्रावण भरून ठेवले गेले आणि ते रुग्णांना पाजण्याचे काम त्यांच्या नातेवाइकांकडे सोपवण्यात आले. छावणीतील मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांपर्यंत खाली आले.

या प्रयोगाचा खरा अर्थ या आकड्यांच्या पलीकडचा आहे. प्रशिक्षण नसलेली आईही हा उपचार करू शकते, हे बनगावने सिद्ध केले. १९७८ मध्ये ‘लॅन्सेट’ने या तत्त्वाच्या शोधाचे वर्णन शतकातील कदाचित सर्वांत महत्त्वाची वैद्यकीय प्रगती असे केले. डॉ. महालनबीस यांचे २०२२ मध्ये कोलकात्यात निधन झाले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

लक्षणे व उपाय

बालक चिडचिडे व अस्वस्थ होणे, डोळे खोल जाणे, अधाशीपणे पाणी पिणे, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर ती सावकाश पूर्ववत होणे ही शरीरातील पाणी कमी झाल्याची लक्षणे होत. तान्ह्या बाळाची टाळू खोल गेलेली दिसते व लघवीही कमी होते. बालक सुस्त वा बेशुद्ध असेल, त्याला पिता येत नसेल किंवा चिमटीतील कातडी फारच हळू पूर्ववत होत असेल, तर त्यास तातडीने रुग्णालयात न्यावे. शौचातून रक्त पडत असल्यास किंवा बाळ दोन महिन्यांहून लहान असल्यासही वैद्यकीय सल्ल्यास विलंब करू नये.

पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या स्वच्छ पाण्यात संपूर्ण पाकीट विरघळवावे. तयार द्रावण २४ तासांच्या आत वापरावे व उरलेले टाकून द्यावे. दोन वर्षांखालील बालकास प्रत्येक पातळ शौचानंतर ५० ते १०० मिलिलिटर द्रावण चमच्याचमच्याने पाजावे. उलटी झाल्यास दहा मिनिटे थांबून पुन्हा सावकाश सुरू करावे. स्तनपान व नेहमीचा आहार चालू ठेवावा. जुलाबात मुलाला उपाशी ठेवण्याची प्रथा घातक आहे. डॉक्टर वा आरोग्यसेविकेच्या सल्ल्याने १४ दिवस जस्ताच्या (झिंक) गोळ्याही द्याव्यात.

आजचे चित्र

२००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कमी तीव्रतेचे सुधारित सूत्र स्वीकारले. त्यात एक लिटर पाण्यास मीठ २.६, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५ व ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असते. ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने या सूत्रात न बसणाऱ्या पेयांना ‘ओआरएस’ हे नाव लावण्यास मनाई केली. बाजारातील गोड पेये जलसंजीवनीची जागा घेऊ शकत नाहीत, हाच त्याचा आशय आहे.

प्रतिबंधासाठी रोटाव्हायरस लस २०१६ पासून टप्प्याटप्प्याने सार्वत्रिक लसीकरणात समाविष्ट झाली; ती सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यात तोंडावाटे दिली जाते. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) नुसार अतिसार झालेल्या बालकांपैकी ६०.६ टक्के बालकांनाच ओआरएस मिळाले. २०१५-१६ मध्ये हे प्रमाण ५०.६ टक्के होते. जस्त मिळालेल्या बालकांचे प्रमाण तर केवळ ३०.५ टक्के होते.

म्हणजेच अर्ध्या शतकापूर्वी निर्वासितांच्या छावणीत जे नातेवाइकांच्या हाती सोपवता आले, ते आजही दर पाचांपैकी सुमारे दोन आजारी बालकांपर्यंत पोहोचत नाही. उपचार स्वस्त आहे आणि सिद्धही झाला आहे. आशा स्वयंसेविका व अंगणवाडी सेविकांमार्फत तो प्रत्येक आईच्या हाती पोहोचणे, हेच यापुढील खरे काम आहे.