नाव बॅक्टेरियम, पण बॅक्टेरिया नव्हेच!

मंठ्याच्या दोस्तांनो, लोणारचं सरोवर म्हणजे तुमचा शेजारच की! जून २०२० मध्ये त्याचं हिरवट पाणी चक्क गुलाबी झालं होतं. घरी आईबाबांना विचारा, आठवत असेल त्यांना.

ते पाणी पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत तपासलं गेलं. न हलवता ठेवलं, तर गुलाबी साका तळाशी बसला आणि वरचं पाणी नितळ! म्हणजे रंग पाण्याचा नव्हताच. तो होता ‘हॅलोआर्किया’ नावाच्या सूक्ष्मजीवांचा. यांना खारट पाणी भारी आवडतं. सरोवर आटून खारटपणा वाढला आणि यांचं फावलं.

खरी गंमत पुढेच आहे. सूक्ष्मदर्शकाखाली हे थेट जीवाणूंसारखे, म्हणजे बॅक्टेरियांसारखे दिसतात. म्हणून त्यांच्यातल्या एकाचं बारसं झालं ‘हॅलोबॅक्टेरियम’! पण १९७७ साली अमेरिकेत कार्ल वूज यांनी रूपावर न जाता सूक्ष्मजीवांच्या पेशींतला एकाच कामाचा आरएनए ताडून पाहिला. काहींचं घराणंच निराळं निघालं. ते आर्किया. आपली खारट मंडळीही त्यातलीच!

पुढे अख्खा जीनोम वाचता येऊ लागला. त्याची अक्षरं चारच बरं का : ए, टी, जी, सी. १९९५ मध्ये हिमोफिलस इन्फ्लुएन्झा या जीवाणूची अठरा लाखांवर अक्षरं वाचून झाली, तर २००० साली हॅलोबॅक्टेरियमच्या एका वाणाची, सुमारे पंचवीस लाख. वंशावळीत हा जीवाणूंपेक्षा तुम्हाआम्हालाच जवळचा.

नाव मात्र अजून तेच आहे, हॅलोबॅक्टेरियम!