पुढचा पाटा: गाडी एका बाजूला ओढते तेव्हा

आज ट्रकच्या पुढच्या पाट्यांबद्दल बोलू. महाराष्ट्रात आपण पाटा म्हणतो. हिंदी मुलखात कमानी म्हणा, मिस्त्रीला लगेच कळेल.

सोनमर्गला आमच्या ताफ्याचा मुक्काम होता, पहाटे जोजिला चढायचा होता. एक ड्रायव्हर म्हणाला, ‘साहेब, गाडी डावीकडे ओढते.’ मी टायरची हवा बघायला लावली. ती बरोबर निघाली, तसा मी म्हणालो, ‘चालू दे.’ आमच्या वर्कशॉपच्या हवालदाराला काही ते पटलं नाही. त्यानं टेप घेऊन पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजलं. डावीकडे बोटभर कमी भरलं. सेंटर बोल्ट तुटून ॲक्सल मागे सरकला होता. ती गाडी घाटात गेली नाही.

मागचा पाटा तुटला तर गाडी कलते. पुढचा तुटला तर स्टिअरिंग हातात राहत नाही, कारण पुढचा ॲक्सल जागेवर धरून ठेवतो तो पाटाच. म्हणून तर बऱ्याच गाड्यांत दुसऱ्या पाट्याचं टोक मेन पाट्याच्या पिनेच्या वळीभोवती वळवलेलं असतं. त्याचं नावच मिलिटरी रॅप! मेन पाटा वळीजवळ तुटला तरी ॲक्सल लगेच सुटत नाही.

तपासणी सपाट जागेवर, रिकाम्या गाडीची करा. चासीची उंची दोन्ही बाजूंना मोजा. बम्प स्टॉपचं रबर ठेचलेलं असेल तर पाटा बसलाय. पाट्यांच्या फटीतून तांबूस गंज ओघळलेला दिसला, किंवा यू-बोल्टच्या तळाशी घासून लोखंड चकाकत असलं, तर पकड ढिली आहे. पाटे एका ओळीत ठेवणं एवढंच सेंटर बोल्टचं काम, पकड यू-बोल्टची. ते ढिले पडले की आधी सेंटर बोल्ट तुटतो, मग पाटा, तोही बहुतेक मधोमध, जिथं चीर सहज दिसत नाही. शॅकलमध्ये पहार घालून हलवा. खडखडलं तर पिन-बुश गेले.

बदलताना मागच्या चाकांना ओट लावा, चासी स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवर ठेवलेल्या गाडीखाली मी कुणाला जाऊ दिलं नाही, तुम्हीही जाऊ नका. ॲक्सलखालचा जॅक फक्त पाट्यावरचा ताण काढण्यापुरता. शॉकअप सोडा, मग यू-बोल्ट, मग दोन्ही पिना. पाट्याखाली उतरती पट्टी असेल तर तिची जाड बाजू कुठे होती त्यावर खडूनं खूण करा. उलटी बसली तर स्टिअरिंग सरळ राहणार नाही. सेंटर बोल्टचं डोकं ॲक्सलच्या भोकात नीट बसू द्या.

पाटे दोन्ही बाजूंचे बदला. रस्त्याकडेचे कारागीर जुन्या पाट्याला ठोकून पुन्हा बाक देतात. हात चांगला असतो त्यांचा, पण बसलेलं पोलाद परत बसतं. पुढच्या ॲक्सलला मला ते चालत नाही. वेल्डिंग आणि गॅसची ज्योत तर पाट्याजवळही नको, पोलादाचा कस जातो. यू-बोल्ट नवेच घाला. गाडी चाकांवर उतरवून, पूर्ण वजन पाट्यांवर आल्यावर, ते आलटून-पालटून, कंपनीच्या पुस्तकातल्या मापानं टॉर्क रेंचनं कसा. मग अलाइनमेंट करून घ्या.

काही शे किलोमीटर चालल्यावर तेच यू-बोल्ट पुन्हा तपासा. नटावर रंगाची रेघ ओढून ठेवलीत, तर ड्रायव्हरला रोज सकाळी नुसत्या नजरेनंही कळेल.