ऊस थांबता कामा नये

घोड नदीच्या काठाने इनामगावहून भीमेकडे, दौंड तालुक्याच्या अंगाने निघालं की उसाच्या फडांमधून कुठे ना कुठे धुराडं डोकं वर काढतं. खाली पत्र्याचं छप्पर, बाजूला चिपाडांची रास आणि हवेत उकळत्या रसाचा वास. हे गुऱ्हाळ. साखर कारखाना म्हणजे उद्योग आणि गुऱ्हाळ म्हणजे शेतीचा जोडधंदा, अशी आपण मनाशी विभागणी करून ठेवली आहे. ती मला पटत नाही. कच्चा माल येतो, यंत्रातून जातो, त्यावर प्रक्रिया होते, साच्यात भरला जातो आणि बाजाराला लागतो. हे सगळं आठ-दहा माणसांच्या हातांवर चालतं. गुऱ्हाळ हे पुरतं वर्कशॉप आहे. लहान वर्कशॉपमध्ये लीन मॅन्युफॅक्चरिंग कसं आणायचं, असं कुणी विचारलं तर मी त्याला भोसरीच्या शेडमध्ये नेण्याआधी गुऱ्हाळावर नेईन.

ही पद्धत उभी राहिली जपानमध्ये, टोयोटाच्या कारखान्यात. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या कंपनीकडे ना भांडवल होतं ना मोठी बाजारपेठ. अमेरिकन कारखान्यांसारखा माल आधी ढिगाने बनवायचा आणि मग गिऱ्हाईक शोधायचं, ही चैन परवडणारी नव्हती. ताइची ओनो या अभियंत्याने उलट्या बाजूने विचार केला. पुढचा टप्पा मागेल तेवढंच मागच्याने बनवायचं. वाट पाहणं, साठवून ठेवणं, उगाच इकडून तिकडे नेणं, बिघडलेलं पुन्हा करणं, ज्याने मालाची किंमत वाढत नाही असं प्रत्येक काम शोधून काढायचं आणि घालवायचं. पुढे १९८८ मध्ये जॉन क्राफचिक या अभ्यासकाने या पद्धतीला लीन म्हटलं, १९९० च्या एका पुस्तकाने ते नाव जगभर नेलं. आज इनामगावच्याच शिरूर तालुक्यातल्या रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत हे शब्द रोजच्या बोलण्यात आहेत. आसपासच्या गावांतली पोरं तिथे शिफ्टला जातात, जागा नीटनेटकी ठेवण्याच्या फाइव्ह-एसचं आणि सतत छोट्या सुधारणा करण्याच्या कायझनचं प्रशिक्षण घेतात आणि संध्याकाळी घरी येतात. घरच्या गुऱ्हाळावर मात्र त्यातलं फारसं काही पोचत नाही.

आधी गुऱ्हाळ चालतं कसं ते पाहू. तोडलेला ऊस चरकात जातो. रस गाळून टाकीत आणि तिथून काहिलीत. काहिलीखाली चुलवाण, त्यात वाळलेल्या चिपाडांचा जाळ. रस तापू लागला की त्यात रानभेंडीच्या ठेचलेल्या खोडांचा चिकट रस आणि चुन्याची निवळी घालतात. त्याने रसातली घाण वर येते. ही मळी झाऱ्याने काढत राहायची. चुना कमी पडला तर रस आंबट राहतो, जास्त झाला तर गूळ काळवंडतो. उकळी चढून रस काठाबाहेर येऊ लागला की थोडंसं तेल सोडतात, फेस बसतो. मग तास-दोन तास नुसती वाफ. रस घट्ट होत जातो, बुडबुड्यांचा आकार आणि आवाज बदलतो आणि तिथून पुढे सगळी सत्ता गुळव्याच्या, म्हणजे गूळ शिजवणाऱ्या कारागिराच्या हातात.

गुळव्या काय करतो ते जवळून पाहण्यासारखं आहे. तो फावड्यावरचा पाक गार पाण्याच्या भांड्यात सोडतो, पाण्यातच दोन बोटांनी गोळा करतो आणि भांड्याच्या काठावर आपटतो. गोळी मऊ असेल तर आवाज दबका येतो, मग जाळ चालू राहतो. टणक वाजली की एका शब्दात जाळ थांबतो, काहिल उतरते, पाक वाफ्यात ओतला जातो. त्या क्षणी पाकाचं तापमान असतं ११८ अंश सेल्सिअसच्या आसपास. १०५-१०६ अंशांवर थांबलात तर काकवी होते आणि १२० ते १२२ वर नेलंत तर गुळाची पावडर. काकवी आणि गूळ यांच्यात बारा-तेरा अंशांचं अंतर आहे, गूळ आणि पावडर यांच्यात तर दोन-चार अंशांचंच, आणि ते हा माणूस बोटांनी ओळखतो. या कौशल्याबद्दल मला अपार आदर आहे.

पण गुऱ्हाळाचं खरं नुकसान गुळव्याच्या हातून होत नाही. काहिलीपाशी पोचण्याआधीच ते झालेलं असतं.

गूळ काळपट झाला, ढेप नीट बसली नाही, चिकटली, पाझरू लागली, ही गुऱ्हाळमालकाची नेहमीची तक्रार. ओनोची एक साधी सवय होती. बिघाड दिसला की एकदा का विचारून थांबायचं नाही, पाच वेळा विचारायचं. इथे विचारून पाहा. ढेप का बसली नाही? पाकात स्फटिक धरणारी साखर कमी होती. का कमी होती? तिचं विघटन होऊन ग्लुकोज आणि फ्रुक्टोज तयार झालं होतं. ते का झालं? ऊस तोडल्यावर बराच वेळ पडून राहिला. तोडलेल्या उसात त्याची स्वतःची विकरं आणि टोकांतून शिरलेले जीवाणू लगेच कामाला लागतात आणि उन्हाळ्यात फार वेगाने काम करतात. का पडून राहिला? सकाळी टोळीने फड सरसकट तोडून टाकला आणि चरकाला तेवढा ऊस त्या दिवशी झेपणारच नव्हता. मग एवढा तोडला का? टोळीला मजुरी वजनावर होती आणि आज किती आधणं, म्हणजे काहिलीचे किती घाणे, निघणार हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

पाचव्या उत्तरापाशी ना यंत्र आहे ना रसायन. तिथे सकाळी न झालेलं एक बोलणं आहे.

आपल्याकडे या प्रश्नाला शेवटच्या टोकाकडून उत्तर दिलं जातं. गूळ काळा आला तर हायड्रॉस हे रंग उडवणारं रसायन टाकून तो पिवळा करायचा. बसत नसेल तर साखर मिसळायची. दौंड तालुक्यातल्या गुऱ्हाळांवर अन्न व औषध प्रशासनाने अशा भेसळीसाठी छापे घातल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. माझ्या मते यात लबाडी आहे तशी हतबलताही आहे. चूक जिथे झाली तिथे ती दिसली नाही, म्हणून जिथे दिसली तिथे तिच्यावर रंग चढवला. टोयोटाच्या घराण्याचा मूळ पुरुष साकिची टोयोदा याने १९२४ साली असा यंत्रमाग बनवला की एक धागा तुटला तरी माग आपोआप थांबे. खराब कापड विणलंच जाऊ नये ही त्यामागची कल्पना. गुऱ्हाळात हा थांबा चरकाच्या तोंडाशी हवा. हातात मावणारा रिफ्रॅक्टोमीटर घेऊन फडातच रसाचा ब्रिक्स, म्हणजे रसात विरघळलेल्या घन पदार्थांचं शेकडा प्रमाण, बघायचा, २० च्या पुढे असेल तर तोड सुरू करायची. तोडीपासून चरकापर्यंत सहा ते बारा तासांच्या वर जाऊ द्यायचे नाहीत. उशीर झालेला ऊस आला तर तो वेगळा काढून त्याची काकवी करायची. काकवीला साखरेचे स्फटिक नकोच असतात, म्हणजे तो ऊस वाया जात नाही आणि चांगल्या आधणात मिसळूनही जात नाही.

दुसरी गळती चुलवाणात आहे आणि तिचा हिशेब कागदावर मांडता येतो. समजा, २० ब्रिक्सचा १००० किलो रस काहिलीत आहे. त्यात २०० किलो घन पदार्थ आणि ८०० किलो पाणी. गूळ व्हायला त्यातलं जवळजवळ ७८० किलो पाणी वाफ करून उडवावं लागतं. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २२५७ किलोज्यूल लागतात. रस तापवण्याची उष्णता धरून एकूण गरज साधारण २० लाख किलोज्यूल. आता हा रस आला १६०० किलो उसातून, चरकाने ६२ टक्के रस काढला असं धरून. मागे उरली ६०० किलो ओली चिपाडं, त्यांत निम्मं पाणी. वाळली की कोरडा भाग ३०० किलो. किलोला सतरा हजार किलोज्यूल धरले तर ५० लाखांच्या वर उष्णता.

म्हणजे चिपाडांतल्या उष्णतेचे दहातले चार हिस्से काहिलीच्या तळाला लागले तर गुऱ्हाळाला बाहेरून एक काडी घ्यावी लागू नये. तरीही अनेक गुऱ्हाळं लाकूडफाटा विकत घेतात. काही ठिकाणी तर टायर आणि प्लास्टिक जाळलं जातं आणि आसपासच्या वस्त्यांना तो धूर सोसावा लागतो. ही उष्णता जाते कुठे? अर्धवट वाळलेल्या चिपाडांतलं पाणी उडवण्यात. चुलवाणाच्या उघड्या तोंडातून आत शिरणारी वायफळ हवा तापवण्यात. बाकीची धुराड्यातून आभाळात. लखनौच्या भारतीय ऊस संशोधन संस्थेत काहिलीच्या तळाला धातूच्या पट्ट्या जोडून पाहिल्या, तेव्हा इंधनाची बचत ३० टक्क्यांच्या घरात गेली. एकाच जाळावर तीन-चार काहिली ओळीने मांडून धुरातली ऊब पुढच्या रसाला द्यायची पद्धतही देशात रुळलेली आहे. पण पट्ट्यांची काहिल आणण्याआधी धुराड्याला हवा रोखणारी झडप बसवा आणि चिपाडं वाळवायला पसरट, कोरडी जागा ठेवा. आधी आलेली चिपाडं आधी जळतील अशी रास लावा. वरची ताजी चिपाडं हाताशी म्हणून ती जाळायची आणि खालची तशीच कुजवायची, हे जिथे चालतं तिथे नवी काहिल फार काही करणार नाही.

जागेची मांडणी हा मोठा विषय आहे आणि त्याबाबत इनामगावचं नाव घ्यायलाच हवं. या गावाच्या पांढरीत डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. सांकलिया, अन्सारी आणि ढवळीकर यांनी तिथे इसवी सनपूर्व १६०० ते ७०० या काळातली शेतकऱ्यांची वस्ती उघडी केली. तिथे घरं आहेत, धान्याचे कणगे आहेत, पाण्याचा पाट आहे आणि मडकी भाजायची भट्टीही आहे. कुंभार, सोनार, हस्तिदंताचं काम करणारा अशा कारागिरांची घरं वस्तीच्या पश्चिम कडेला होती, संपन्न शेतकऱ्यांची मधल्या भागात. कोणतं काम कुठे करायचं याचा विचार घोडेच्या काठावर तीन हजार वर्षांपूर्वी झालेला होता. आजच्या किती गुऱ्हाळांत तो झालेला दिसतो? चरक एका टोकाला, वाळवण दुसऱ्या टोकाला, आणि दोघांच्या मधून गरम पाकाची वाट. जाळ घालणारा माणूस दिवसभरात चिपाडांचे भारे घेऊन किती चालतो हे एकदा मोजा. त्या चालण्याने गुळात एक कणही वाढत नाही, त्याच्या गुडघ्यांची मात्र झीज होते. चिपाडं चरकाकडून वाळवणाला आणि वाळवणातून चुलवाणाच्या तोंडाशी एकाच दिशेने फिरली, तर दोन माणसांचं काम एक माणूस निवांत करतो.

दुसरा माणूस मग काढून टाकायचा का? इथे माझं मत स्पष्ट आहे. लीन म्हणजे माणसं कमी करणं, असा समज आपल्याकडे घट्ट बसला आहे आणि त्यानेच या पद्धतीचं वाटोळं केलं आहे. ज्याने सुधारणा सुचवली त्याचीच मजुरी गेली, तर पुढची सुधारणा कुणी सुचवणार नाही. या भागात गुळवे आणि मजूर बरेचदा उत्तर प्रदेशातून येतात, हंगामापुरते, पाठीवर बिऱ्हाड घेऊन. मोकळा झालेला माणूस किलोच्या ढेपा बांधायला, पावडर चाळायला, वाफा धुवायला लावता येतो. तीस किलोच्या रव्यापेक्षा किलोच्या ढेपेला आणि पावडरीला शहरात भाव चांगला मिळतो. आणि गुळव्याच्या हाती थर्मामीटर द्यायचा तो त्याची परीक्षा घ्यायला नाही. त्याच्या बोटांना जे कळतं त्याचा आकडा वहीत उतरला, तर त्याच्या हाताखालचा पोरगा दोन हंगामांत तयार होईल.

बाजाराच्या बाजूनेही हीच शिस्त लागते. गूळ हवेतलं पाणी ओढतो, पावसाळ्यात पाझरतो. भाव येईल या आशेने भरलेलं गोदाम म्हणजे रोज थोडा थोडा खराब होणारा माल. संक्रांतीची मागणी कधी येते हे सगळ्यांना ठाऊक असतं. व्यापाऱ्याशी किंवा गिऱ्हाईकाशी आधी बोलून आठवड्याची आधणं ठरवली, त्यावरून रोजची तोड ठरवली, की साखळी उलट्या बाजूने ओढली जाते. ओनोने मोटारींसाठी केलं ते यापेक्षा वेगळं नव्हतं.

सरकारी मदतही आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीची केंद्राची लीन योजना १० मार्च २०२३ रोजी नव्या रूपात सुरू झाली, तेव्हा त्या खात्याचे मंत्री नारायण राणे होते. प्राथमिक, मध्यम आणि प्रगत असे तिचे तीन टप्पे आहेत आणि सल्लागाराच्या खर्चाचा ९० टक्के वाटा केंद्र सरकार उचलतं. त्यासाठी उद्यम नोंदणी लागते. उसाच्या जाती आणि गुळाचं तंत्र यांसाठी पाडेगाव आणि कोल्हापूर इथली ऊस संशोधन केंद्रं आहेत, तिथले शास्त्रज्ञ गुऱ्हाळांशी बोलायला तयार असतात. रांजणगावला कामाला जाणाऱ्या आपल्याच पोराला एका सुट्टीच्या दिवशी गुऱ्हाळावर उभं करून, इथे काय काय थांबलेलं दिसतं असं विचारलं, तर त्याला तर पैसाही पडत नाही.

गुऱ्हाळमालकांना माझी विनंती एवढीच आहे. येत्या हंगामात नवं यंत्र घेण्याआधी चरकाशेजारी एक फळा टांगा. प्रत्येक आधणासाठी त्यावर चारच गोष्टी लिहा: ऊस कधी तुटला, चरकात कधी गेला, काहिल किती अंशांवर उतरली आणि बाहेरचं इंधन किती लागलं. महिनाभराने तो फळा गुळव्यासोबत, तोडणीच्या मुकादमासोबत आणि जाळ घालणाऱ्यासोबत बसून वाचा, आणि पहिला बदल त्यांनाच ठरवू द्या.