परवाना कुणाचा?

माझं माहेर नंदुरबार जिल्ह्यातलं कळसाडी. आमच्या लहानपणी गावात कुणी घर 'भाड्यानं' दिल्याचं मला तरी आठवत नाही. शाळेत नवे मास्तर आले की कुणाची तरी खोली रिकामी केली जायची, वर भाजीची वाटीही जायची. लिहिणं-बिहिणं कशाला? आता त्याच गावातल्या मुली शिकायला नाशिक-पुण्याला जातात आणि अनोळखी माणसाच्या घरात अनोळखी मुलींबरोबर राहतात. विश्वास मात्र आपण अजून तसाच, तोंडी ठेवतो.

माझी भाची त्यातलीच एक. आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात. एरवी ती फोनवर पुणेरी बोलते. पण घाबरली की थेट अहिराणीत येते. त्या दिवशी फोन उचलल्या उचलल्या म्हणाली, "फुई, आते काय करानं वं?"

दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये त्या सात जणी. दहा बाय बाराच्या खोलीत चार कॉट, सातांना मिळून एक बाथरूम. बाल्कनीच्या ग्रिलला कुलूप आणि किल्ली मालकाकडे. मालक दुसरीकडे राहणारे, पण स्वतःच्या किल्लीनं केव्हाही दार उघडून आत यायचे. एवढं सगळं पोरींनी तीन वर्षं निमूट सोसलं. शिक्षण संपलं, खोली सोडायची वेळ आली, तेव्हा १२ हजारांच्या डिपॉझिटवर मालक म्हणाले, "कसलं डिपॉझिट? कागद दाखव."

कागद नव्हताच. माझ्या भावानं पपईच्या पैशांतून ती रक्कम दिली होती. "जाऊ दे, पुराव्याशिवाय काय होणार," असं तो म्हणाला. मलाही तेच वाटलं. पण ओळखीच्या वकीलबाईंना विचारलं तर त्या हसल्या. म्हणाल्या, "कागद नाही, ही तुमच्या भाचीची चूक नाहीच. ती मालकाची चूक."

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९चा. ३१ मार्च २०००पासून तो लागू आहे. त्याचं ५५वं कलम सांगतं, की घर भाड्यानं किंवा 'लिव्ह अँड लायसन्स'वर देताना करार लेखी हवा आणि त्याची नोंदणीही हवी. ती करून घेण्याची जबाबदारी मालकाची. केली नाही, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे असा करार नसेल, तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. ते खोटं आहे हे दुसऱ्या बाजूला सिद्ध करावं लागतं. पेइंग गेस्टचीही व्याख्या याच कायद्यात आहे. मालक स्वतः राहतो त्याच घराचा भाग परवान्यावर घेणारा, तो पेइंग गेस्ट.

आता गंमत बघा. 'लायसन्स' म्हणजे परवाना. पण हा परवाना मालक देतो, राहणाऱ्याला. एका खोलीत चार कॉट टाकण्यापूर्वी मालकाला कुणी विचारलं का, की तुमच्याकडे परवाना आहे का? हा करार तेवढं विचारत नाही.

काही ठिकाणी मात्र हे विचारतात. तामिळनाडूनं २०१४मध्ये कायदा करून मुली-महिलांच्या वसतिगृहांना परवाना सक्तीचा केला. बंगळूरूच्या महापालिकेनं २०२४मध्ये पीजींसाठी नियम काढले, त्यात माणशी किमान ७० चौरस फूट जागा सांगितली. इंग्लंडमध्ये तर वेगवेगळ्या कुटुंबांतले पाच किंवा जास्त जण एकाच घरात स्वयंपाकघर-बाथरूम वाटून घेत असतील, तर मालकाला स्थानिक कौन्सिलचा परवाना घ्यावाच लागतो. तिथं एका प्रौढ माणसाच्या झोपायच्या खोलीला किमान ६.५१ चौरस मीटर जागा लागते. म्हणजे पुन्हा ७० चौरस फूटच! दोघांसाठी १०.२२ मीटर, म्हणजे ११० फूट. आमच्या पोरीची खोली १२० फुटांची. तिकडे दोघी राहिल्या असत्या, इथे चौघी होत्या.

भाचीनं मालकांना रीतसर पत्र लिहिलं. ५५व्या कलमाचा उल्लेख केला, पैसे पाठवल्याची बँकेतली नोंद जोडली. पंधरा दिवसांत ११ हजार परत आले. एक हजार 'रंगाचे' म्हणून कापलेच! तरी पोरीचा आवाज एकदम ताठ झाला. आणि त्याच ताठ आवाजात तिनं विचारलं, "फुई, तुझ्या वरच्या खोल्यांचा करार नोंदवलाय ना गं?"

मी गप्पच. नाशकात आमच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत चार मुली राहतात. घरच्यासारख्याच आहेत म्हणून मीही काही लिहून घेतलं नव्हतं. त्यांच्यापैकी कुणाच्या वडिलांनी डिपॉझिट कसं जमवलं असेल, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

मग बसले कागद घेऊन. भाडं महिन्याला १२ हजार, ११ महिन्यांचे १ लाख ३२ हजार. मुद्रांक शुल्क पाव टक्का, म्हणजे ३३० रुपये. डिपॉझिटवरच्या व्याजाचा हिशेब धरून थोडं जास्त. शहरात नोंदणी फी १ हजार, ग्रामीण भागात ५००. आधारवर अंगठा लावून घरबसल्या ऑनलाइन होतं. पोलिसांना भाडेकरूंची माहिती द्यायची, तीही दिली. मालकिणीचाही यात फायदा आहे बरं का! मुदत संपल्यावर जागा परत मिळवायला हाच कागद कामी येतो.

तेव्हा मैत्रिणींनो, लेक शहरात पाठवताना गादी-बादलीबरोबर एवढं बघा. करार नोंदवलेला आहे का, त्यात डिपॉझिटचा आकडा आहे का, पैसे बँकेतूनच दिलेत ना, आणि आग लागली तर दुसऱ्या दारा-ग्रिलची किल्ली आतल्या मुलींच्या हाती आहे ना. आणि तुमच्याकडे कुणाची लेक राहत असेल, तर हेच प्रश्न स्वतःलाही विचारा.

करारावर सह्या झाल्या तेव्हा वरच्या मुलींपैकी एक म्हणाली, "काकू, आता सांगू का? बाथरूमची कडी चार महिन्यांपासून तुटलीय." इतके दिवस बोलायला तिला भीती वाटत होती. कडी त्याच संध्याकाळी बसवली.