जाळं टिकतं, मालक बदलतो

नवीन पनवेलमधल्या एखाद्या जुन्या इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीला लागून, लोखंडी पाइपला क्लँपनं आवळलेली छोटी पांढरी डिश दिसते. टीव्हीची डिश आभाळाकडे बघते. हिचं तोंड सरळ आडवं, चारपाच किलोमीटरवरच्या टॉवरकडे रोखलेलं असतं. वायरलेस ब्रॉडबँड म्हणतात ते हेच. टॉवरवरून निघालेल्या लहरी पसरत पसरत इथवर पोचतात तेव्हा डिशच्या पदरात पडते वॅटच्या एक अब्जांशाच्या आसपास शक्ती. एका वॅटचे शंभर कोटी भाग करा आणि त्यातला एक उचला, एवढीच. त्या एका भागावर खालच्या घरात शाळेचा क्लास, ऑफिसची मीटिंग आणि क्रिकेटची मॅच एकाच वेळी चाललेली असते.

हे कनेक्शन महिन्याला पाचसहाशे रुपयांत मिळतं. ते देणाऱ्या कंपनीत पैसे गुंतवा, धंदा जोरात वाढतोय, असं सांगणारेही भेटतात. धंदा वाढतोय यात खोटं काही नाही. पण असल्या कंपनीत घातलेला पैसा जातो कुठे, आणि परत येतो तो कोणाकडे, ही गोष्ट त्या अब्जांश वॅटइतकीच चकित करणारी आहे. तिचे बरेचसे पुरावे पनवेलपासून फार तर तासाभराच्या अंतरावर उभे आहेत.

हवेचे दोन भाव

दोन डिशमधली सरळ रेष मोकळी असली की काम झालं, असं आपल्याला वाटतं. लहरींचं तेवढ्यावर भागत नाही. ५.८ गिगाहर्ट्झवर पाच किलोमीटरचा पल्ला असेल, तर मधोमध त्या रेषेभोवती साधारण आठ मीटर त्रिज्येची जागा मोकळी लागते. त्या आठ मीटरांत कुणाचा माथा घुसला की रेष शाबूत असूनही सिग्नल खंगतो. खारघर, कामोठे, कळंबोली या पट्ट्यात म्हणूनच वायरलेसवाल्यासाठी प्रत्येक नवा स्लॅब ही बातमी असते. वर आपला कोकणातला पाऊस. ५ गिगाहर्ट्झला तो फारसा अडवत नाही. पण ५जीसाठी विकल्या गेलेल्या २६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात ताशी १०० मिलिमीटरची सर आली, तर एका किलोमीटरमध्ये शक्ती विसाव्या हिश्शाच्या आसपास येते.

खरं नवल या हवेच्या भावात आहे. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातले तब्बल ६०५ मेगाहर्ट्झ सरकारनं ऑक्टोबर २०१८ मध्ये परवानामुक्त केले. तेवढी हवा आज छोट्यातली छोटी कंपनी स्पेक्ट्रमपोटी एक पैसा न मोजता वापरू शकते. इंटरनेट पुरवण्याचा परवाना तेवढा घ्यावा लागतो. मेख एवढीच, की शेजारचा स्पर्धकही तीच हवा फुकट वापरतो आणि दोघांचे सिग्नल एकमेकांत मिसळून दोघांचीही ग्राहकांशी भांडणं होतात.

जी हवा फक्त आपलीच, तिचा भाव २०१० मध्ये कळला. त्या वर्षी ब्रॉडबँड वायरलेस स्पेक्ट्रमचा लिलाव झाला आणि सरकारच्या तिजोरीत ३८,५४३ कोटी रुपये आले. देशातल्या सगळ्या २२ दूरसंचार सर्कलमध्ये २० मेगाहर्ट्झ जिंकणारी कंपनी एकच निघाली: इन्फोटेल ब्रॉडबँड. नाव बहुतेकांनी ऐकलेलंही नव्हतं. बोली होती सुमारे १२,८४८ कोटींची. निकाल लागला त्याच दिवशी, ११ जून २०१० ला, रिलायन्स इंडस्ट्रीजनं या कंपनीचे ९५ टक्के भाग सुमारे ४,८०० कोटींना घेत असल्याचं जाहीर केलं. हीच इन्फोटेल पुढे रिलायन्स जिओ इन्फोकॉम झाली. सेवा सुरू झाली ५ सप्टेंबर २०१६ ला. म्हणजे हवेचे पैसे मोजल्यापासून पहिला ग्राहक येईपर्यंत सहा वर्षं गेली, आणि आल्यावरही पहिले काही महिने सगळं फुकट.

त्याच लिलावात मुंबईची टिकोना ही छोटी कंपनीही उतरली होती. गच्च्यांवर अँटेना लावून वायरलेस ब्रॉडबँड विकणं हाच तिचा धंदा, आणि गोल्डमन सॅक्ससारखे बडे गुंतवणूकदार तिच्या पाठीशी. तिनं पाच सर्कलमधला स्पेक्ट्रम सुमारे १,०५८ कोटींना घेतला. २०१७ मध्ये तो स्पेक्ट्रम आणि साडेतीनशे टॉवरच्या जागा सुमारे १,६०० कोटींना एअरटेलला विकायचा करार झाला. ऐकायला फायदा वाटतो. पण हिशेब मांडा: जवळजवळ सात वर्षांत वर्षाला सहा टक्के, तेही मधला सगळा खर्च बाजूला ठेवून. त्या काळात बँकेतल्या मुदत ठेवीनं याहून जास्त दिलं असतं.

एकाच रस्त्यावरची दोन आवारं

पनवेलहून ठाण्याकडे निघालात की ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पट्ट्यात या धंद्याची दोन टोकं भेटतात. घणसोलीचं रिलायन्स कॉर्पोरेट पार्क हा जिओचा तळ. कोपरखैरण्याजवळची धीरूभाई अंबानी नॉलेज सिटी ही रिलायन्स कम्युनिकेशन्सची. २००३ च्या पावसाळ्यात ५०१ रुपयांत मोबाइल हातात देऊन जिनं देशाला वेड लावलं, ती योजना याच घराण्यातली. अंबानी भावांची वाटणी झाली, २००६ मध्ये रिलायन्स कम्युनिकेशन्सचा शेअर बाजारात आला आणि जानेवारी २००८ मध्ये ८०० रुपयांच्या वर गेला. वाढणारी कंपनी याहून वेगळी कशी दिसते? २०१७ च्या अखेरीला मोबाइल सेवा बंद पडली आणि २०१९ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. ज्याच्याकडे शेअर होते त्याच्या हाती भोपळा आला.

तिच्या टॉवरांचं काय झालं? ते कुठे जाणार! रिलायन्स इन्फ्राटेल या उपकंपनीचे सुमारे ४३ हजार टॉवर आणि १ लाख ७८ हजार किलोमीटर फायबर डिसेंबर २०२२ मध्ये जिओनं ३,७२० कोटींना घेतले. एका आवारानं पुरलेली तार दुसऱ्या आवाराकडे गेली.

हा काही घरगुती योगायोग नाही. १९९७ मध्ये इंग्लंड ते जपान अशी सुमारे २८ हजार किलोमीटरची फ्लॅग नावाची समुद्री केबल टाकली गेली. मुंबईत ती किनाऱ्याला लागते. तिच्यावर दीड अब्ज डॉलर खर्च झाले होते. २००२ मध्ये ती कंपनी अमेरिकी दिवाळखोरी कोर्टात गेली आणि २००४ च्या सुरुवातीला अंबानींच्या रिलायन्स इन्फोकॉमनं तिचं सगळं जाळं अवघ्या २० कोटी ७० लाख डॉलरना उचललं. पुढे ग्लोबल क्लाउड एक्स्चेंज हे नवं नाव घेऊन हाच कारभार २०१९ मध्ये पुन्हा दिवाळखोरीच्या कोर्टात उभा राहिला. दरम्यान टायको या कंपनीनं जगभर अब्जावधी डॉलर खर्चून टाकलेली समुद्री केबल व्हीएसएनएलनं, म्हणजे आजच्या टाटा कम्युनिकेशन्सनं, १३ कोटी डॉलरना विकत घेतली. करार २००४ चा.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असं आपण म्हणतो. या धंद्यात पुढच्याला ठेच लागते आणि मागच्याला रस्ता मिळतो. कारण उघड आहे. खड्डे खणणं, तार पुरणं, टॉवर उभारणं, स्पेक्ट्रम घेणं, सगळा खर्च आधीच करावा लागतो आणि तोही बहुधा कर्ज काढून. एकदा जाळं तयार झालं की आणखी एक जीबी पाठवायचा खर्च जवळजवळ शून्य. मग प्रत्येक कंपनी भाव पाडते. सरकारी आकड्यांनुसार २०१४ मध्ये मोबाइलवरच्या एका जीबीला सरासरी २६९ रुपये पडत. पुढे तो दर दहा रुपयांच्या आसपास आला. ग्राहकाची दिवाळी झाली. ज्यांनी २६९ चा भाव धरून कर्जं काढली होती त्यांचं दिवाळं निघालं.

मग पहिल्याच मालकानं पैसा कधी कमावलाच नाही का? कमावला की. २२ एप्रिल २०२० ला फेसबुकनं जिओ प्लॅटफॉर्म्सच्या ९.९९ टक्क्यांसाठी ४३,५७४ कोटी मोजले, आणि जुलैच्या मध्याला गूगल येईपर्यंत तेरा गुंतवणूकदारांनी मिळून जवळजवळ ३३ टक्क्यांसाठी दीड लाख कोटींहून जास्त रक्कम ओतली. पण सहा वर्षं एक रुपया न मिळता टिकून राहायला पाठीशी जामनगरच्या तेल रिफायनरीचा पैसा होता. प्रत्येकाच्या मागे जामनगर नसतं.

आपल्या गल्लीतलं गणित

आता पनवेलच्या पातळीवर येऊ. छोटी इंटरनेट कंपनी दर सेकंदाला जितका डेटा वाहून नेण्याची सोय विकत घेते, त्याच्या कित्येक पट विकते. यात लबाडी नाही. दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांनी घरगुती ब्रॉडबँडसाठी एका वाट्यात पन्नासपर्यंत ग्राहक मान्य केले होते. रेल्वेसुद्धा पनवेल लोकलचे पास विकताना डब्यातली बाकं मोजत नाही. इथली गर्दीची वेळ मात्र रात्री नऊची, आणि चांगली कंपनी कोणती ते तेव्हाच कळतं.

मोठ्या व्हिडिओ कंपन्या आता आपला माल मुंबई परिसरातच साठवून ठेवतात, म्हणून समुद्रापारच्या बँडविड्थचं बिल कमी येतं. त्या साठवणीचं एक आवार तर पनवेल तालुक्यातच आहे. हिरानंदानी फॉर्च्यून सिटीतलं योट्टाचं एनएम-१ हे डेटा सेंटर जुलै २०२० मध्ये सुरू झालं: ७,२०० रॅक, ५० मेगावॅट वीज, आणि सर्वोच्च समजल्या जाणाऱ्या चौथ्या श्रेणीचा आराखडा. या श्रेणीत वर्षभरात मिळून अर्धा तासही बंद राहायची मुभा नसते. समुद्री केबलींचा किनारा आणि पुण्याचा रस्ता यांच्या मधोमध असल्याचा पनवेलला आजवर व्यापारात फायदा झाला, तसा तो डेटातही होतोय.

समजा, शंभर घरांच्या एका इमारतीत कनेक्शन न्यायला, म्हणजे फायबर, स्प्लायसिंग, स्विच, बॅटरी आणि मजुरी धरून, सव्वा लाखाच्या आत, १ लाख २० हजार खर्च आला. वीस घरांनी महिना ५०० रुपयांचा प्लॅन घेतला, तर जमा १० हजार. बँडविड्थ, पगार, वीज, परवाना शुल्क जाऊन उरले २ हजार. मुद्दल फिटायला पाच वर्षं. तीच तार, तीच इमारत, पण ग्राहक चाळीस झाले तर जमा २० हजार. खर्च दुप्पट होत नाही, समजा ११ हजारांवर थांबला, तर ९ हजार उरतात आणि मुद्दल चौदा महिन्यांत फिटतं. नफा कंपनी किती गावांत पोचली यावर ठरत नाही, जिथे पोचली तिथल्या किती दारांत शिरली यावर ठरतो. ‘आम्ही यंदा उलवे घेतलं, पुढच्या वर्षी कर्जत’ असं सांगणारी कंपनी वाढतेय खरी. पण प्रत्येक नव्या गावात ती पाच वर्षांचं गणित नव्यानं सुरू करतेय.

आणखी एक गोष्ट सहज नजरेआड होते: आपला पैसा कंपनीत जातो का? फेब्रुवारी २०२१ मध्ये रेल्वेच्या रुळांलगत फायबर टाकणाऱ्या रेलटेलचा आयपीओ आला, ९४ रुपयांना शेअर. अर्जांची झुंबड उडाली. जमलेले ८१९ कोटी मात्र कंपनीला मिळाले नाहीत, कारण ती सरकारच्या हिश्श्याची विक्री होती. त्यात गैर काही नाही, माहितीपत्रकात ते छापलेलं होतं. वाचणारे किती, हा प्रश्न.

तेव्हा कुणी इंटरनेट कंपनीत पैसे मागायला आलं तर चार प्रश्न विचारा. इमारतीतल्या शंभर दारांपैकी किती तुमची? महिन्याला किती जण सोडून जातात? कर्ज किती आणि फेडायचं कधी? माझे पैसे नव्या तारेत जाणार की जुन्या भागीदाराच्या खिशात? खाजगी कंपनीला खुलं आवाहन करून लोकांकडून भांडवल गोळा करता येत नाही. एका वर्षात फार तर दोनशे निवडक जणांना भाग देऊ करता येतात. त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी ‘गुंतवणुकीची संधी’ तिथेच सोडा. आणि गच्चीवर टॉवर बसवून महिन्याला हजारो रुपये भाडं देतो, आधी ट्रायच्या ना-हरकत दाखल्याचे पैसे भरा, असं कुणी म्हटलं तर सरळ पोलिसांत जा. टॉवरसाठी ट्राय असला कुठलाही दाखला देत नाही.