सुट्या कुसवाचा सांधा

या सांध्यात दोन्ही लाकडांत समोरासमोर खाचा पाडून त्यांत वेगळी लाकडी पट्टी, म्हणजे कुसू, बसवतात.

प्रथम दोन्ही लाकडांच्या दर्शनी बाजूंवर खूण करा. खतकस त्याच बाजूला टेकवून रेघा मारा. बाजू बदलली तर जोड वरखाली होतो.

लाकूड २४ मिमी जाड असल्यास खाच ८ मिमी रुंद व २५ मिमी खोल घ्या. कुसू ४८ मिमी लांब ठेवा. उरलेल्या जागेत जास्तीचा सरस मावतो. कुसवाचे रेषे लांबीच्या दिशेने हवेत. आडवे असल्यास ते बसणाऱ्याच्या वजनाने मोडू शकते.

कुसू हाताच्या दाबाने बसावे. घट्ट वाटल्यास तेच रंध्याने तासा, खाच रुंदावू नका. पटाशीच्या धारेपुढे हात नको. सरस लावण्यापूर्वी सांधा कोरडाच जुळवून गुण्याने तपासा.